बोटीवरचं मस्टर

आबासाहेबांना या सफरीतून मिळण्यासारखं बरंच होतं. बियाण्यांच्या एका कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना जोडीनं मुंबई ते गोवा अशी बोटीची सहल दिली होती. खाणंपिणं, खोली, पोहण्याचा हौद, सगळं कंपनीच्या खात्यावर. पण बेलापुरात इतकी वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला खरा नफा कशात आहे ते कळतं. आबासाहेबांच्या लेखी बाकी सगळं किरकोळ होतं. त्यांना हवा होता एका माणसाचा उतरलेला चेहरा, आणि तो माणूस म्हणजे त्यांचा साडू श्रीमंत.

श्रीमंतचं शिर्डीत लॉज होतं. गेल्या वर्षी तो विमानात बसला आणि तेव्हापासून खाली उतरलाच नाही. बारसं असो की दहावा, तो चारचौघांत सुरू करायचा, "वरनं बघितलं ना साडूभाऊ, तुमचं बेलापूर लई बारीक दिसतं." आबासाहेबांना हे बारीक दिसणं वर्षभर टोचत होतं. म्हणून त्यांनी बेत केला. बोट सुटली की सगळ्यात वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून व्हिडिओ कॉल लावायचा, पाठीमागे मुंबई बारीक होत जाणार, आणि श्रीमंतनं ते लॉजच्या काउंटरवर बसून बघायचं. त्याला तसं आधी कळवूनही ठेवलं होतं.

मुंबईकडं जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर निरोप आला. प्रत्येक प्रवाशानं आपापल्या फोनवर सुरक्षेचा व्हिडिओ बघावा. बोटीवर संकट आलं तर काय करायचं ते त्यात दाखवलंय. आबासाहेबांनी बायकोचा फोन मागून घेतला, दोन्ही फोनांवर व्हिडिओ लावला, दोन्ही फोन पिशवीत चपात्यांच्या फडक्याशेजारी ठेवले आणि डोळे मिटले.

"अवो, बघू तर द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते जाकीट कसं घालत्यात ते तरी कळंल."

"बोट बुडायची असती तर कंपनीनं आपल्याला धाडलं असतं व्हय? अजून खरिपाचा माल खपवायचाय त्यांचा."

चपात्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. दोन्ही फोनांवर हिरवी खूण उमटली. आबासाहेबांनी ते फोन तसेच खिशात घातले. हिरव्या खुणेखाली आणखी एक ओळ होती: बोटीवर चढल्यावर प्रत्येकानं 'मस्टर स्टेशन सी' इथं हजर व्हावं. ती वाचून आबासाहेब गालात हसले. मस्टर त्यांना नवं नव्हतं. एके काळी ते ग्रामपंचायतीचे सदस्य होते आणि रोजगार हमीचं मस्टर त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यावर नावं भरपूर असतात, कामावर माणसं त्या मानानं कमी असतात, आणि रस्ता तरीही पुरा होतो, निदान कागदावर.

त्यामुळे बोटीवर पाय ठेवताच त्यांनी कामाची वाटणी केली. मनकर्णाबाईंनी वर जाऊन कठड्याजवळची खुर्ची टॉवेल टाकून धरायची, आणि त्यांनी स्वतः खाली जाऊन दोघांची हजेरी लावून यायचं. "कुणी बी उठवलं तरी उठायचं न्हाई," त्यांनी बजावलं. एसटीत जागा धरण्यात मनकर्णाबाईंचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

मस्टर स्टेशन सी म्हणजे एक मोठा दिवाणखाना निघाला. शेपाचशे माणसं ओळीनं उभी होती आणि नारिंगी जाकीट घातलेली एक मुलगी प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावत होती. छातीवर निकिता असं नाव. आबासाहेबांनी आधी गाव विचारलं. कोपरगाव म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं.

"मग तर घरचंच झालं. ही दोन कार्डं. लाव दोघांची."

"काकू कुठायत, काका?"

"वर हायेत. व्हिडिओ बघितलाय त्यांनी, हिरवी खूण हाय."

"व्हिडिओ घरचा अभ्यास झाला. इथं माणूस दिसायला लागतं. सगळे मोजून झाल्याशिवाय कप्तान बोट सोडत नाही."

"अगं, मस्टरवर काय समदीच माणसं खरी असत्यात व्हय?"

"या मस्टरवर असतात, काका. बुडाल्यावर शोधायला लागतात ना."

आबासाहेबांनी बायकोला फोन लावला. तो त्यांच्याच खिशात वाजला. मग बायकोचं कार्ड तिथंच ठेवून ते तिला आणायला निघाले. आत्ता गेलात तर तुमचीही हजेरी राहील, असं निकिता मागून सांगत होती, पण आबासाहेब जिन्याला लागले होते.

तोपर्यंत भोंगा झाला होता आणि वरचा मजला रिकामा करायला एक खलाशी पोरगा आला होता. त्याला मराठी येत नव्हतं, मनकर्णाबाईंना त्याची भाषा कळत नव्हती. तो जिन्याकडं बोट दाखवायचा, बाई टॉवेलकडं. शेवटी त्याला कळवळून हात जोडताना पाहून बाईंना दया आली. त्यांनी उठून त्याचा दंड धरला, त्याला टॉवेलवर नीट बसवलं, उठू नकोस अशी खूण केली आणि निर्धास्त मनानं लिफ्टनं खाली गेल्या.

आबासाहेब जिन्यानं धापा टाकत वर पोचले, तर मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त त्यांच्या टॉवेलवर एक अनोळखी पोरगा अवघडून बसला होता.

"ए, ऊठ. धरलेली जागा हाय ही."

पोरगा मान हलवून नाही म्हणाला. त्याला तसाच हुकूम होता. बाई कुठं गेली, असं आबासाहेब हातवारे करून विचारत होते, तोच खिशात फोन थरथरला. श्रीमंत, व्हिडिओवर. बोट सुटायची वेळ होऊन गेली होती. घाईत कट करायला गेले आणि फोन उचलला गेला.

"काय साडूभाऊ, बोट हालंना व्हय? का धक्का मारायचाय?" श्रीमंतच्या मागं लॉजची सगळी माणसं दात काढून उभी होती.

खाली मात्र मनकर्णाबाईंसकट सगळ्यांची हजेरी झाली होती. राहिला होता एकच प्रवासी. निकितानं इंग्रजीत दोनदा त्यांच्या नावाचा पुकारा केला. आबासाहेबांना 'मिस्टर अबाशेब' हा आपण असू अशी शंकाही आली नाही. मग मनकर्णाबाई म्हणाल्या, दे इकडं पोरी. आणि साऱ्या बोटीवरच्या कर्ण्यांतून त्यांचा आवाज घुमला.

"अवो, ऐकलं का? बेलापूरचे आबासाहेब, जिथं असाल तिथनं खाली या. तुमच्यासाठी बोट थांबवून धरलीय. कप्तान वाट बघतोय."

लॉजच्या काउंटरमागचं हसू थांबलं. श्रीमंतनं फोन डोळ्यांजवळ आणला.

"तुमच्यासाठी?" तो म्हणाला. "अख्खी बोट? आमचं इमान आमदाराला बी थांबलं न्हवतं हो."

तो चेहरा उतरताना आबासाहेबांनी डोळे भरून पाहिला. मागे मुंबई होती तेवढीच मोठी उभी होती, पण आता तिची गरज उरली नव्हती. "जातो," ते शांतपणे म्हणाले. "खोळंबलेत बिचारे."

खाली त्यांना पाचशे माणसांसमोर जाकीट घालून, शिट्टी वाजवून दाखवावी लागली. बंद बांधताना मनकर्णाबाईंनी एक गाठ जरा जास्तच आवळली. बोट निघाली तेव्हा ते तिथंच उभे होते, खिडकीसुद्धा नव्हती.

आता सगळ्या लग्नकार्यांत ही गोष्ट श्रीमंतच सांगतो. आमच्या साडूसाठी कप्तानानं बोट कशी धरली, ते तो दरवेळी थोडं वाढवून सांगतो, आणि आबासाहेब पानातल्या जिलबीकडं बघत नम्र होतात. नात्यागोत्यात खरी हकिकत एकट्या मनकर्णाबाईंना ठाऊक आहे. त्या आजवर कुणाला काही बोललेल्या नाहीत. फक्त रोज पहाटे जाग आली की पांघरुणातूनच विचारतात, "श्रीमंत भाऊजींना एक फोन करू का?" मग आबासाहेब मुकाट उठतात आणि चहा टाकतात. मान त्यांना मिळाला, अचंबा श्रीमंतच्या वाट्याला आला, कंपनीचं खरीप बरं गेलं. चहा मात्र आबासाहेबांकडं लागला तो लागलाच, आणि मनकर्णाबाईंना तो आलं घातलेला लागतो.