एक्केचाळीस दुबार माणसं

या, जरा जवळ सरका. कोपऱ्यातली मंडळी, तुम्हीही या. एका घराण्याची गोष्ट सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, फक्त कार्डकाकांच्या कानावर जाऊ देऊ नका. माणूस आधीच पार खचलाय!

कार्डकाका म्हणजे एका मोठ्या ग्रंथालयात चौतीस वर्षं पुस्तकांची सूची करून निवृत्त झालेले गृहस्थ. लाकडी खण आणि त्यातली कार्डं म्हणजे त्यांचा प्राण. एकाच पुस्तकाची दोन कार्डं सापडली, की दुसऱ्यावरचा जादा मजकूर पहिल्यावर उतरवून घ्यायचा आणि दुसरं टराटरा फाडायचं. हातच तसा वळलेला! घरात भाजीच्या दोन याद्या झाल्या तरी एक फाटायची. आणि बहुतेक वेळा बरोबर असलेलीच.

त्यांची थोरली बहीण, सगळ्यांची ताई, चौऱ्याऐंशी वर्षांची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं, "आजी, काय वाचायचं ते या वर्षात वाचून घ्या." घरी येऊन ती काकांना म्हणाली, "पुस्तकं पुष्कळ वाचली रे. आता आपली माणसं एकदा वाचायची आहेत. दिसतंय तोवर."

झालं! काकांनी छाती फुगवली. "ताई, महिन्याभरात अख्खं घराणं तुझ्यासमोर उभं करतो! विकी करतो, विकी! संगणकावर, विकिपीडियासारखी. प्रत्येकाचं एक पान. आजोबांवर बोट ठेवलंस की पणजोबा हजर!"

"आधी मोजे जोडीने हजर करा," आतून काकूंचा आवाज आला.

ट्रंकेतले कागद जेवणाच्या टेबलावर आले. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, शाळेचे दाखले, पत्रं, मागे एक अक्षर न लिहिलेले फोटो. काका-काकू तीन आठवडे ओट्याशी उभं राहून जेवले. काका एकेक कागद स्कॅन करत आणि विकी त्यातून नाव, साल उचलून पान तयार करी. दोनशे बारा पानं झाली, तेव्हा विकीने अदबीने विचारलं: एक्केचाळीस नोंदी दुबार वाटतात. एकत्र करू?

काकांचा चेहरा उजळला. चौतीस वर्षांत त्यांच्या मनातलं इतकं अचूक कोणी बोललं नव्हतं!

"एकेक बघून घ्या हो," काकू म्हणाल्या.

"अगं, बघायचंय काय? साल टाकताना कारकून डुलक्या घेतात! नाव तेच, बापाचं नाव तेच, म्हणजे माणूस तोच!"

आणि दाबलं बटण.

आता घराण्याची खोड अशी, की आजोबांचं नाव नातवाला द्यायचं. म्हणजे एक पिढी सोडून नावही तेच आणि बापाचं नावही तेच! काकांनी मात्र मोठ्या थाटात सगळ्या नातेवाइकांना विकी उघडून दिली. 'चूक आढळल्यास सुधारावी' असं खाली लिहिलंही. हीच दुसरी चूक.

शुक्रवारी सकाळी पुतण्याचा फोन. "काका! मी माझ्याच आजीचा नवरा झालोय!"

"शांत हो बघू."

"शांत कसा होऊ? अकरा मुलं आहेत मला! त्यातले एक तर आमचे बाबा!"

तो फोन ठेवतात तोच चुलतभाऊ. "मला वारून पन्नास वर्षं झाली म्हणे. बायको रोज ताट वाढते समोर, पण एका शब्दाने बोलली नाही!"

काकांनी घाईघाईने 'मागे घ्या' शोधलं. विकी म्हणाली, मागे घेतल्यास नंतरची सर्व भर पुसली जाईल. आणि भर तर धो धो पडत होती! थोरल्या वहिनींनी लिहिलं, 'सासूबाईंची सेवा थोरल्या सुनेने केली.' दहा मिनिटांत धाकट्या वहिनी: 'थोरली सून तेव्हा माहेरी होती.' मग थोरल्या: 'का जावं लागलं ते लिहू का?' धाकट्या: 'लिहाच!' दुपारपर्यंत ते पान मारुतीच्या शेपटासारखं लांबलं आणि त्यात सासूबाई औषधालाही उरल्या नाहीत.

शनिवारभर काका माणसं हाताने सोडवत बसले. आजोबांना ओढून काढावं तर नातवाची नोकरी त्यांच्यासोबत येई! बनियन पाठीला चिकटलं, चहा तीनदा गार झाला. "काकू," पुतण्याने दबकत विचारलं, "काका जेवले का?" "पणजोबांत गुंतलेत," काकू म्हणाल्या, "सुटले की जेवतील." संध्याकाळी चाळीस सुटले. एक्केचाळिसावं पान ताईचं निघालं. ते काकांनी उघडलंसुद्धा नाही. सख्खी बहीण! तिच्यात काय तपासायचं?

रविवारी सगळं गोत दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलं. ताईची खुर्ची टीव्हीच्या पडद्यापासून हातभर. "माझंच लाव आधी," ती म्हणाली, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत मोठ्याने वाचू लागली.

"वयाच्या तिसऱ्या वर्षी तापाने निधन. त्यानंतर शालान्त परीक्षेत पहिला वर्ग, शिक्षिकेची नोकरी, विवाह, तीन अपत्ये."

खोलीभर हशा फुटला! "ताई, तू तर माझ्याही आधी गेलीस की!" चुलतभाऊ ओरडले. वहिनी-वहिनी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसल्या. काकांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"ताई, अगं, दाखले दोन होते... मला वाटलं, कारकुनाने..."

ताई हसत नव्हती. तिचं बोट अजून त्या पहिल्या ओळीवरच होतं.

"कारकुनाची चूक नाही रे. माझ्या आधी एक होती. ती गेल्यावर मी झाले, आणि आईने तेच नाव मला दिलं."

टाळ चुकलेल्या भजनासारखं दोन-तीन जणांचं हसू उशिरा थांबलं.

"दोन वर्षं सात महिन्यांची होती. आई तिचं काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली, ती झोपताना स्वतःचा कान धरायची. मला हाक मारताना आई मध्येच थांबायची बघ. मी समजायचे, काम विसरली."

काका धाकटे, त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. "मीच फाडलं तिला," ते पुटपुटले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एका कार्डाची दोन करायला घेतली, आणि घाईत आधी ताईचंच पान उडालं! पुतण्याने ते कसंबसं परत आणलं. मग नवं पान. दोन ओळी. त्याहून जादा माहिती कोणाकडेच नव्हती.

"अक्षर मोठं कर," ताई म्हणाली. काकांनी केलं, तर पान पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. तिसऱ्या वेळी ताईने नाक पडद्याला लावून ते वाचून घेतलं आणि काकांचा हात धरून ठेवला. आता तरी त्यांनी काही दाबू नये म्हणून असेल.

भगवंताच्या वहीत त्या पोरीचं पान पहिल्यापासून वेगळंच असणार. तिथे कोणी कोणाला एकत्र करत नाही. इथली गोष्ट निराळी. म्हणून उठण्याआधी एक विनवणी आहे, मंडळी. तिला लक्षात ठेवा. दोन वर्षं सात महिने. झोपताना स्वतःचा कान धरायची. पान आता नीट जतन झालंय असं काका छातीठोक सांगतात, म्हणून तर तुम्हाला विनवतोय!