बडेबाबूंचं मशीन

रोज सकाळी सव्वादहाला गावंडेबाबू ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं बटण दाबायचे आणि खोलीबाहेर येऊन दार ओढून घ्यायचे. कोणी आत डोकावलं की व्हरांड्यातून ओरडायचे, "थांबा ना! मशीनले दम घेऊ द्या!"

दम वीस मिनिटं चालायचा.

ढाणकीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क. मी तिथे कॉम्प्युटर शिकवते. विषयाचं ज्ञान माझ्याकडे आणि ऑफिसच्या मशीनचा ताबा त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती. या वाटणीत कॉलेजचं जे व्हायचं तेच होत होतं.

दम घेऊन झाला की बाबू आत जाऊन खुर्चीवर मांडी घालायचे, माउसचं उजवं बटण दाबायचे आणि 'रिफ्रेश' करायचे. एकदा नव्हे, मोजून एकवीस वेळा. मध्ये कोणी बोललं आणि मोजणी चुकली की पुन्हा एकपासून. "त्यानं काय होतं?" असं मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आंघोळ कशाला करायची असं विचारलं होतं.

त्यांची शास्त्रं अनेक होती. स्क्रीनवर कोणीतरी धबधब्याचं चित्र लावलं होतं, ते त्यांनी काढलं. "पाणी दिवसभर वाहून राह्यलं मॅडम, मशीनले ताण येते." फाइलचं नाव लांब ठेवायचं नाही, वजन वाढतं. त्यामुळे सगळ्या फाइलींची नावं 'अ', 'अ१', 'अअ' अशी, आणि कुठली कशाची हे बाबूंनाही ठाऊक नाही. आतून करकर आवाज आला की ते कॅबिनेटला कान लावायचे आणि म्हणायचे, "आज पोटात गडबड हाय. उन्हाचं हाय ते."

उन्हाचं नव्हतं. मशीन दहा-अकरा वर्षांचं, मेमरी दोन जीबी, आत जुनी गरगर फिरणारी हार्डडिस्क. मी एकदा सोपं करून सांगायचा मूर्खपणा केला.

"बाबू, मेमरी म्हणजे तुमचं टेबल. हार्डडिस्क म्हणजे मागचं कपाट. टेबल एवढंसं असलं की नवी फाइल घ्यायला आधीची कपाटात ठेवावी लागते. आणि कपाटाचं दारच उघडत नाही लवकर. म्हणून मशीन दिवसभर नुसती उठबस करतं."

"मंग मी टेबल साफच ठेवतो ना," त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "पाहा, एकही आयकॉन ठेवला नाही."

"ते टेबल नाही हो! मेमरी वाढवा आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. तिच्यात काही फिरत नाही."

"फिरत नाही त काम कायले करन ते? बसल्या जागी पगार?"

मी लॅबमध्ये निघून आले. अशा माणसाशी बोलून आपलंच डोकं हँग होतं.

दाखले न्यायला येणाऱ्यांची मात्र रांग लागायची. आसपासच्या गावांतून, बंजारा तांड्यांवरून आलेले आईबाप बाबूंच्या खोलीतल्या लांब बाकावर तासन्‌तास बसायचे. मला ती गर्दी म्हणजे बाबूंच्या अडाणीपणाचं प्रदर्शन वाटायची.

मग पायल राठोडचा दिवस उजाडला. पायल माझी विद्यार्थिनी, तांड्यावरची, वर्गात सगळ्यात हुशार. तिला यवतमाळला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. पाचच्या आत मूळ टीसी तिथे जमा करायची, तोच शेवटचा दिवस. अकराची एसटी गाठायची म्हणून बाप-लेक दहालाच येऊन बसले होते.

बाबूंनी मशीनला दम घेऊ दिला, एकवीस रिफ्रेश केले, टीसीची फाइल उघडली. शिक्षण खात्याच्या साइटवरचा नंबरही त्यात भरायचा होता, म्हणून ब्राउझर उघडला. झालं. टेबल भरलं. माउसचा बाण होता तिथेच थिजला, आत हार्डडिस्क खरवडल्यासारखी वाजू लागली. बाबूंनी कॅबिनेट थोपटलं. पायल घड्याळाकडे पाहत होती. तिचा बाप हात जोडून म्हणाला, "साहेब, हातानं लिहून द्या ना."

"हातची ते घेत नाही ना बाप्पा," बाबू म्हणाले. कपाळावरून घाम निथळत होता.

एसटी गेली. टीसी साडेअकराला निघाली. बाबू स्वतः चौकात धावले, काळी-पिवळी जीप थांबवली, दोघांना पुढच्या सीटवर बसवलं आणि ड्रायव्हरला दम भरला की यवतमाळची गाडी जिथे मिळते त्या उमरखेडपर्यंत कुठे थांबायचं नाही. ते परत आल्यावर मी त्यांना पूर्ण स्टाफसमोर सुनावलं. "एका मुलीचं आयुष्य तुमच्या त्या डबड्यापायी वाया जाईल!" संध्याकाळी पायलचा फोन आला. पाचला दहा कमी असताना कागद जमा झाले होते. मी बाबूंना सांगितलं, तर ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज ठेवला आणि आठवड्यात एसएसडी व आठ जीबी मेमरी आणून स्वतःच्या हाताने बसवली. सगळा स्टाफ जमला होता. बटण दाबलं. चौदा सेकंद.

"उघडलं?" बाबू म्हणाले. "इतक्यात?" त्यांनी ते बंद करून परत चालू केलं. तिसऱ्यांदाही केलं. आत काही वाजतं का म्हणून कान लावला. काहीच वाजत नव्हतं.

टीसी आता दोन मिनिटांत निघू लागली. बाक रिकामा झाला. मी विजयी मुद्रेने व्हरांड्यातून जायचे-यायचे. बाबू मात्र मलूल दिसू लागले. दुपारी कोऱ्या स्क्रीनसमोर बसून दाराकडे पाहत राहायचे. मी मनात म्हटलं, नवं पचत नाही, दुसरं काय!

महिन्याभराने एका दुपारी सही घ्यायला त्यांच्या खोलीत गेले. बाकावर एक म्हातारे शेतकरी बसले होते, नातवाच्या दाखल्यासाठी आलेले. बाबू त्यांना विचारत होते, "गाडी किती वाजताची हाय तुमची?"

"साडेचारची. लय टाइम हाय."

"मंग बसा निवांत. सर्वर स्लो हाय आज. चहा सांगतो. नातू कोणाजवळ राह्यते?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. सर्वर अगदी ठणठणीत होता. रजिस्टरखालून दाखल्याचा कोपरा डोकावत होता, छापलेला, शिक्का मारलेला. माझ्या चौदा सेकंदांची ही किंमत! मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात बाबूंनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. उठून मला दाराशी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं.

"ज्याची गाडी असते त्याले लगेच देतो मॅडम. आईची आन. पायलच्या दिवसापासून कोणाची गाडी चुकू देली नाही." मग बाकाकडे पाहत म्हणाले, "पण कागद हाती पडला का मानूस उठते. आधी बसत होते लोकं. कोणाची पोरगी, कोणाचा बैल, समदं सांगत होते. आता घरी त टीव्हीच बोलते."

त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्याला असतो, हे मला माहीत होतं. स्टाफमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं. चार दारं सोडून बसणारी मी कधी त्यांच्या बाकावर दोन मिनिटं टेकले नव्हते.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "काय बाई, लागते का वेळ आणखी?"

"लागेल थोडा, काका," मी म्हटलं. "आज फारच स्लो आहे." आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसत विचारलं, "तूर कशी आहे यंदा?"