शेळकेभाऊंचे चार हप्ते

शिळ्या भाकरीवर बुरशी आली की आपण ती टाकून देतो. शेळकेभाऊ भिंग आणत. "बघा सायेब, काय मखमल हाय! हे झाड न्हाई, जनावर न्हाई. तिसरीच जात!"

ते आमच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि मी तिथला डॉक्टर, त्यांचा साहेब. एखाद्या नमुन्यात बुरशीचा संशय असला, की ते बाटलीवर तारीख घालत आणि मला बजावत, "चार हप्ते हात लावू नका. जंतू टेम्पोतनं येत्यात, ही पायी येती."

माणसांचीही ते बुरशीसारखी वर्गवारी करत. यीस्ट म्हणजे एकटा जीव, अंगालाच कोंब फुटून वाढणारा. धाग्यांची बुरशी म्हणजे भावकी. "एक धागा उपटला, तर धा हाताला येत्यात." तिसरी दोन रूपांची. बाहेर गारव्यात धागे काढते, माणसाच्या अंगात ऊब मिळाली की गोल होऊन बसते. तिच्यात त्यांनी मला घातलं होतं. "हितं गरजता आन् घरी बाईंसमोर गोळा हुता!" सगळी प्रयोगशाळा हसायची. मीही हसायचो, कारण खोटं नव्हतं.

एकदा राजूरकडच्या ठकूबाई आल्या. अनवाणी भातलावणी करणारं पाऊल सुजून फुटलं होतं आणि त्यातून काळे कण येत होते. बुरशी असेल तर औषध एक, जंतू असतील तर दुसरं. चुकलं तर पाय जायचा. भाऊंनी मांस काढून तीन बाटल्यांत लावलं आणि गावच्या जत्रेला गेले.

दहाव्या दिवशी वरून तपासणी येणार होती. मी कपाट आवरायला घेतलं. बाटल्यांत करडी लव दिसली. हवेतली घाण पडली असेल, असं समजून मी तिन्ही बाटल्या नष्ट करायला पाठवल्या. तपासणीच्या साहेबांनी नमुना मागितला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "शेळके जरा निष्काळजी आहेत."

भाऊंना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी सही केली आणि रजेच्या दिवशी एसटीने राजूर गाठलं. ठकूबाईंना परत घेऊन आले, पुन्हा नमुना लावला आणि चार आठवडे थांबले. काळी बुरशी उगवली. बरोबर औषध मिळालं, पाय वाचला. अहवालावर सही माझी होती. सत्काराचा हारही माझ्याच गळ्यात पडला.

गेल्या महिन्यात मी कर्जतला, निवृत्त झालेल्या भाऊंच्या घरी गेलो. बाटल्या मीच टाकल्या, असं दवाखान्याला लिहिलेलं पत्र सोबत नेलं होतं. वहिनी गेल्यापासून भाऊ एकटेच असतात. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"तुम्ही टाकल्या ते मला तवाच कळलं हुतं. धाडा हे खुशाल."

"ठकूबाईंनाही सांगतो," मी म्हणालो.

"त्यांना नगं!" भाऊ गडबडले. "पायाचं मांस दुसऱ्यांदा काढू द्यायला त्या तयार न्हवत्या. तुमचं नाव सांगितलं असतं तर तुमच्या गोळ्याही घेतल्या नसत्या. म्हनून म्हनलं, बाटल्या माझ्याच हातनं फुटल्या."

"मग आता तरी खरं कळू द्या."

"ऱ्हाऊ द्या, सायेब. धांदरटानं आज काय फोडलं, म्हनून इचारायला त्यांचा फोन येतो. दुसरा कुनाचा येत न्हाई."