आधी धूळपाटीवर

समोरच्या फ्लॅटमधले गजभियेसाहेब माझ्याशी भांडायला आले, की मी दार उघडून खुर्ची पुढे करते. भांडण माझ्याशी नसतंच. ते सोसायटीच्या सेक्रेटरीशी करायचं असतं, आधी माझ्यावर करून बघतात.

"वहिनी, ही धूळपाटी आहे, मनावर घेऊ नका," म्हणतात आणि पाण्याच्या टँकरवरून मला चांगलं दहा मिनिटं झापतात. मग विचारतात, "आवाज कमी पडला का?"

"शेवटी जरा ढेपाळलात," मी म्हणते.

हे धूळपाटी प्रकरण विकीवरचं. साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन पुण्यात धायरीला आले. लोक मिळून लिहितात त्या ज्ञानकोशात मराठी पानाखाली एक यादी असते, की हीच माहिती आणखी कुठल्या भाषांत आहे. ती यादी ज्या साच्यातून उमटते, तो साचा साहेब सांभाळतात. साच्यात एक टिंब हललं तर हजारो पानांवर हलतं म्हणे. म्हणून आधी धूळपाटी नावाच्या कोऱ्या पानावर करून बघायचं. तिथं चुकलं तर कुणाचं बिघडत नाही.

दुपारी मी मेथीची जुडी घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसते. पडदा अर्धा ओढलेला, पंखा संथ, खिडकीत सिंहगडाकडचे डोंगर उन्हात विरघळलेले. साहेब यादी हळू आवाजात वाचतात. आसामी, उडिया, कन्नड, कोंकणी, खासी... माझी मेथी हातातच राहते आणि मी कुठल्या तरी न पाहिलेल्या नदीवरून चाललेली असते. तमिळपाशी ते थांबतात. बोट ठेवतात, अन् पुन्हा पहिल्यापासून.

"यातली एक तरी भाषा येते का हो तुम्हाला?"

"नाही ना. दुवा जोडायला भाषा कशाला लागते? दोन्ही टोकं शाबूत आहेत का, तेवढं पाहून राहिलो."

त्यांची मुलगी मीनल हिंजवडीला असते. तिनं कंपनीतल्या तमिळ मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा साहेब बोलून गेले, "त्याच्याशी मी बोलू कोणत्या भाषेत?" आणि लग्नाला गेले नाहीत. चार वर्षं झाली. एकाच शहरात राहून फोनसुद्धा नाही.

"तेवढं एकच वाक्य, वहिनी, धूळपाटीवर न करता बोललो."

गेल्या महिन्यात त्यांनी मला जावई केलं. मी "हॅलो" म्हणायचं, त्यांनी "वणक्कम" म्हणून मीनलचा बाबा बोलतोय सांगायचं आणि तमिळमध्ये 'कसे आहात' विचारायचं. रोज दुपारी. आठवडाभरानं मी म्हटलं, "अहो, मी बरी आहे. आता त्याला विचारा."

साहेबांनी हात धुतले. साचा जतन करण्याआधी धुतात तसेच. मग कपाटातून लग्नपत्रिका काढली आणि तिच्यावरचा जावयाचा नंबर लावला. ती एवढी जपून ठेवलीय, हे मला तेव्हा कळलं.

एका दमात सगळं बोलून ते मोकळे झाले.  मग पलीकडून एकेक शब्द जपून ठेवत आवाज आला, "नमस्कार बाबा. मी बरा आहे. आपण जेवलात का?"

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "वहिनी, यानंही आधी धूळपाटीवर करून पाहिलेलं दिसते."

मग फोनवरचा हात काढला. दोघांची तयारी तेवढीच होती. फोन मात्र कुणी ठेवेना. मी मेथी पुढे ओढली.