सीलबंद गेज

यंत्राची ताकद गेली की आधी माणसाची चौकशी करावी, हे कामाच्या जगातलं सर्वमान्य तत्त्व आहे. यंत्राला बोलता येत नाही, त्यामुळे त्याची चौकशी करून हाती काही लागत नाही. माणूस मात्र दोन प्रश्नांत अडखळतो, आणि अडखळला की निदान झालंच.

खडीच्या यार्डातला मोठा लोडर गेली एकोणीस वर्षं मामा चालवत होते. (मामा नक्की कुणाचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅनेजरसाहेबही त्यांना मामाच म्हणत, आणि साहेब त्यांच्याहून वयाने मोठे होते.) सीटच्या स्पंजाला मामांच्या पाठीचा आकार आला होता आणि मामांच्या पाठीला सीटचा. एका सोमवारी दहाच्या सुमारास खडीने भरलेली बकेट छातीच्या उंचीपर्यंत गेली आणि थांबली. इंजिन बोंबलत होतं, बकेट ढिम्म. ट्रकचा फाळका अजून हातभर वर होता.

मग रोज तोच प्रकार. सकाळी तेल थंड आणि दाट असे तोवर लोडर पैलवान. तेल तापून पातळ झालं की अंगातलं बळ पळालं. फिटरला सगळे पाना म्हणत. त्याने कान लावून ऐकलं आणि सांगितलं की तेलाचा दाब मोजायचं गेज लावू, पाच मिनिटांत कळेल, पंप झिजलाय की झडप गळतेय.

गेज स्टोअरकीपरच्या कपाटात होतं. प्रमाणित, सीलबंद, डबीत मखमलीवर निजलेलं. स्टोअरकीपरने नियम शांतपणे समजावून दिला. सील तोडलं की प्रमाणपत्र रद्द होतं, प्रमाणपत्र नसलेल्या गेजचं माप ग्राह्य धरता येत नाही, आणि अग्राह्य माप घ्यायला चांगलं गेज वापरणं ही उधळपट्टी आहे. यात खोट काढायला जागाच नव्हती. गेज अकरा वर्षं अचूक होतं, कारण अकरा वर्षं ते कुणी वापरलं नव्हतं. (दर वर्षी ते तपासणीला जाई आणि नवं सील लावून परत येई. यार्डात सगळ्यांत ठणठणीत प्रकृती त्याचीच होती.)

गेजविना निदान करायला एकवीस कलमांचा फॉर्म होता. कलम एक, चालकाचं वय. दोन, चष्मा. तीन, चालकाचं घरी भांडण झालं आहे काय. सात, चालकाची नाराजी यंत्राला जाणवते काय. तेलाची पातळी सतराव्या कलमात यायची आणि पंप थेट एकविसाव्यात, ‘इतर’ या सदराखाली. आजवरच्या तेवीस प्रकरणांपैकी एकोणीस पहिल्या तीन कलमांतच निकाली निघाली होती, तीन हवामानावर गेली आणि एक विचाराधीन होतं. त्यातलं यंत्र मध्यंतरी भंगारात निघालं, पण विचार चालू आहे.

मामा तिसऱ्या कलमाला अडखळले, कारण लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि प्रश्नात तारीख नव्हती. आता फक्त ‘हाताळणी दोष’ हा शेरा पडायचा बाकी होता. तो पडला की सीट गेली, आणि उरलेली नोकरी फाटकाजवळच्या बाकावर बसून ट्रक मोजायचे. त्या बाकावर आधीचे दोन चालक बसलेले असत. ते ट्रक मोजत आणि लोडरकडे चुकूनही बघत नसत. मामांना मनापासून भीती वाटली. रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, तुमच्या हातात जोर आहे की नाही ते मी येऊन सांगते त्यांना," बायको म्हणाली. "पण त्या यंत्राच्या पोटात काय झालंय, ते का नाही कुणी बघत?"

मामांनी हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्या कच्चं ठरवलं आणि ताट सरकवलं.

शुक्रवारी साहेबांना सुचलं. बकेट वर जात नाही ना, मग ट्रक खाली आणा. खड्डा खणायचा ठराव झाला आणि खणायचं काम लोडरनेच केलं, सकाळी तेल थंड असताना. ट्रक खड्ड्यात उतरला, बकेट फाळक्यावरून आरामात गेली, टाळ्या पडल्या. भरलेला ट्रक मात्र खड्ड्यातून वर चढेना. तेव्हा ट्रक अर्धाच भरायचा असं ठरलं. साहजिकच फेऱ्या दुप्पट झाल्या. महिनाअखेरीच्या तक्त्यात ‘फेऱ्यांमध्ये शंभर टक्के वाढ’ अशी नोंद झाली आणि वरच्या ऑफिसातून अभिनंदनाचं पत्र आलं. मामांचा फॉर्म फाडला गेला. उत्कृष्ट चालक म्हणून त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. लोडरची ताकद आणखी घटली तसा खड्डा वीतभर आणखी खोल झाला, आणि त्यालाही नियमित देखभाल असं नाव मिळालं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाना मामांजवळ आला. स्टोअरकीपर रजेवर होता आणि कपाटाची किल्ली पानाच्या हातात होती.

"मामा, तोडतो सील. पाच मिनिटांचं काम. काय ते कळेल तरी."

महिन्यापूर्वी याच पाच मिनिटांसाठी मामांनी साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. त्यांनी सीटच्या स्पंजावरून हात फिरवला. इंजिन बंद होतं आणि बकेट कुणीही हात न लावता हळूहळू जमिनीकडे उतरत होती. मामांनी तिकडे पाठ केली.

"राहू दे रे," ते म्हणाले. "आत काही निघालं तर?"

पानाने किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी खड्डा आणखी वीतभर खणला.

वाचकांना मामांचं हसू येणं अगदी साहजिक आहे. त्यांनी खुशाल हसावं. फक्त हल्ली घरचा जिना चढताना मधल्या वळणावर तुम्ही थांबता, ते मोबाइल बघायला थांबता असं घरच्यांना किती महिने सांगताय, तेवढं कळवावं. डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणीची चिठ्ठी कपाटात आहेच. तिची घडीसुद्धा मोडलेली नाही.