पंधरा दिवसांच्या मुदतीची कुत्री

चाळीस कुत्र्यांच्या निवाऱ्यात एक्क्याण्णव कुत्री कोंबलेली. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजणी. चाळिसाच्या वर एक जरी निघालं, तर टाळं ठोकीन," असं बजावून निरीक्षकसाहेब गेले आणि व्यवस्थापक मटकन खाली बसला. निवाऱ्यात रोज मदतीला येणाऱ्या ग्रंथपालबाई मात्र उभ्याच राहिल्या. बत्तीस वर्षं वाचनालय चालवून निवृत्त झालेली बाई, ती टाळ्याला भीक घालतेय होय!

"ठोकतात कसे बघते! घरोघरी देऊन टाकू कुत्री. पुस्तकं नाही का जात?"

"बाई, कायमचं कुत्रं कोण नेणार हो?"

"कायमचं म्हटलं की लोक दार लावून घेतात. पंधरा दिवसांसाठी म्हणा, हात पुढे करतील."

आणि केलेच की! बाईंनी प्रत्येक कुत्र्याचं कार्ड केलं. त्यावर नाव, सवयी ('चपला खातो', 'पाहुण्यांवर विशेष राग') आणि परतीच्या तारखेचा शिक्का. एका सकाळीत एक्कावन्न कुत्री गेली. हाताला सवय असल्यामुळे बाईंनी पंधरा दिवस मोजून सगळ्या कार्डांवर एकच तारीख उमटवली. ती नेमकी मोजणीचीच होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्या सोमवारी फाटकापासून कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत रांग लागली. जवळपास सगळ्यांना मुदत वाढवून हवी होती. पण 'मुदतवाढीसाठी वस्तू प्रत्यक्ष दाखवावी' हा नियम बाईंनीच कार्डामागे छापलेला, त्यामुळे सगळे कुत्र्यांसकट हजर. त्या भुंकण्यातून वाट काढत निरीक्षकसाहेब आत आले.

"एक्क्याण्णव!"

"आत चाळीसच आहेत. बाहेरची आपापल्या घरी राहतात," बाई म्हणाल्या.

"उसनी दिलीत ना? मग ती तुमच्याच वहीत. मुदत वाढवली तरी तुमचीच."

व्यवस्थापकाने डोळे मिटून घेतले. साहेबांनी पिशवीतून कुलूप काढलं. ते बघून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खण ओढला आणि तळाशी पडलेला वाचनालयातला एक जुना शिक्का बाहेर काढला.

"पुढे या!" रांगेतली शिंपीण पुढे आली. बाईंनी तिच्या कार्डावर दाणकन शिक्का मारला : 'हरवले. नोंदीतून वगळावे.'

"अहो, हे कुत्रं माझ्या पायावर बसलंय!" साहेब ओरडले.

"बसू दे. वहीत हरवलंय. पुढचे!"

पन्नास शिक्के झाले. शेवटी एक आजोबा उरले, बगलेत म्हातारं, एका डोळ्याचं कुत्रं घेऊन.

"बाई, मी परत करायला आलोय. सूनबाईनं सांगितलंय, मुदत संपली की देऊन या."

साहेबांनी 'एक्केचाळीस' लिहायला पेन टेकवलं. आजोबांनी कुत्रं काही खाली ठेवलं नाही.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि शिक्का हाणला. "सूनबाईंना सांगा, कुत्रं हरवलं."

"पण ते माझ्याबरोबरच घरी येईल ना!"

"मग सांगा, सापडलं."

आजोबा वळले आणि कुणी थांबवायच्या आत फाटकाबाहेर पडले. साहेबांनी कुलूप पिशवीत टाकलं आणि चाळीस लिहिले.