आहार खात्याच्या खुर्च्या आणि खजुराचा पाक

आहार खात्याचे साहेब, आरोप तुमच्यावर आहे. सरळ तुमच्यावर! एका म्हातारीच्या चहातला गोडवा तुम्ही काढून घेतलात आणि त्याच्या जागी काय घालायचं, ते आजवर धड सांगितलं नाहीत. वर खुर्च्यांचा बोभाटा केलात तो केलातच. तेव्हा आता सगळी हकीकत निमूट ऐकून घ्या.

तुमच्या खात्याच्या खुर्च्यांना पॉलिश करणारा तो माणूस. तुम्ही त्याला कधी नाव विचारलं नाहीत, म्हणून इथंही पॉलिशवालाच म्हणू. त्याच्या आईच्या रक्तात साखर जास्त निघाली. दवाखान्यानं तिला तुमच्याकडे धाडलं. पहिल्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "साखर बंद. निसर्गाकडे वळा. मध घ्या."

पॉलिशवाल्यानं मध आणला.

पुढच्या खेपेला दुसऱ्या टेबलावरचे चष्मेवाले कडाडले, "मध? अहो, मध म्हणजे साखरच की! खजूर द्या. अख्खं फळ!"

म्हातारीच्या तोंडात औषधाला दात नाही. तिनं तो अख्खा खजूर सकाळी गालात धरला आणि दुपारी जसाच्या तसा मुलाच्या हातावर परत ठेवला.

"मग पाक करून चहात घाला," चष्मेवाले म्हणाले.

"पाक केल्यावर ते अख्खं फळ कुठं राहिलं?" तिसऱ्या टेबलावरच्या बाई फिसकारल्या.

एकाच खोलीत तीन टेबलं, आणि प्रत्येक टेबलाचा निसर्ग वेगळा! शेवटी म्हातारीनंच निकाल लावला. "मला चहाच नको." तिचं सगळं खाणं म्हणजेच चहात बुडवलेला पाव. चहा गेला, पाव गेला. बोटातली अंगठी आपसूक गळून पडायला लागली. पॉलिशवाला ती उचलून परत घालायचा.

"पाक माझ्यावर सोड," एके दिवशी तो बायकोला म्हणाला. "अख्खं आयुष्य पॉलिशची लाख विरघळवण्यात गेलं. खजूर काय चीज आहे!"

पहिलं पातेलं त्यानं असं जाळलं, की बायकोनं त्याला पातेल्यासकट स्वयंपाकघराबाहेर काढलं. मग तो आपल्या पॉलिशच्या कारखान्यातल्या शेगडीपाशी बसला. खजूर शिजवला, घोटला, ज्या जातीच्या फडक्यातून पॉलिश गाळतो त्याच जातीच्या नव्या फडक्यातून गाळला आणि डब्यात भरला. शेजारी पॉलिशचा डबा. रंग तोच, दाटपणा तोच, डबेही जुळ्या भावांसारखे. दुसऱ्या कुणाला वासावरून कळलं असतं. पण पॉलिशवाल्याचं नाक स्पिरिटनं कधीच खाऊन टाकलेलं. त्याच्या नाकाशी गुलाब धरा नाहीतर सडका कांदा, तो दोन्हींना "बरा आहे" म्हणेल.

आणि नेमका त्याच दिवशी तुमचा निरोप आला, साहेब! "उद्या सभागृहात व्याख्यान. पुढच्या रांगेच्या खुर्च्या आजच्या आज पाहिजेत." विषय काय, तर साखरेचे छुपे अड्डे!

त्यानं घाईघाईनं शेवटचा हात मारला. खुर्च्या अशा चकाकल्या, की तो स्वतःवरच खूश झाला. खुर्च्या पोचल्या तेव्हा तुमच्या कारकुनानं बोट लावून पाहिलं.

"चिकट लागतंय हो."

"ताजं आहे. सकाळपर्यंत काच होईल, काच!"

सकाळी तो आईपुढं बसला. "आई, एक घोट. माझ्या हातचा पाक आहे."

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप पुढं केला. बायकोनं डब्याचं झाकण उघडलं आणि मान मागं झटकली.

"अहो, हे काय आणलंत?"

"खजूर."

"खजूर? डोळे चुरचुरतायत माझे! आईंना पॉलिश करून दिवाणखान्यात मांडायचंय का?"

"घाल गं चमचाभर," म्हातारी म्हणाली. "निदान चकाकेन तरी."

पॉलिशवाला हसला नाही. आपल्या हातानं आपण आईच्या कपात काय ओतायला निघालो होतो, हे कळताच त्यानं कप बाजूला सारला. आणि बसल्या बसल्याच त्याच्या डोक्यात उजेड पडला. पॉलिश जर इथं आहे, तर मग खुर्च्यांवर...!

कोमट पाण्याची बादली आणि फडकी घेऊन तो धावत सुटला. सभागृहात पोचला तेव्हा पुढची रांग भरलेली होती. माणसांनी आणि मुंग्यांनी. तिन्ही टेबलं तिथंच बसलेली, मधोमध तुम्ही.

"आता साहेब दोन शब्द बोलतील!"

तुम्ही उठलात. खुर्चीही उठली. टाळ्या वाजवायला वर गेलेले हात तिथंच थांबले.

"पॉलिशवाले!" तुम्ही ओरडलात. "काय फासलंय हे?"

"खजूर, साहेब."

पहिल्या बाईंनी खुर्चीच्या हातावर बोट फिरवून जिभेला लावलं. "शी! नुसती साखर आहे ही!"

"साखर कशी? फळ आहे ते!" चष्मेवाले उठायला गेले आणि खुर्चीसकट परत आदळले.

"गाळलेलं फळ!" तिसऱ्या बाई जागच्या जागी गरजल्या. त्यांना उठताच येत नव्हतं.

भर सभेत तुमचं खातं खुर्च्यांना चिकटून भांडत होतं. पॉलिशवाल्यानं बादली खाली ठेवली आणि तुमच्यापुढं हात जोडले.

"साहेब, कोमट पाण्यानं सुटेल, फडकं ओलं करून आणलंय. माझी चूक झाली, कबूल. पण आई उपाशी आहे. पाक घालू की नको, एवढं एक सांगा."

"लेखी कळवू," तुम्ही म्हणालात. "आधी सोडव!"

दुसरा कुणी असता, तर बादली उचलून घरी गेला असता. हा भला माणूस गुडघ्यावर बसला आणि त्यानं तुम्हाला सोडवलं. खाली वाकून, अलगद, विजारीचा एक दोरासुद्धा उसवू न देता. तुम्ही सुटलात, गाडीत बसलात. गेलात ते गेलातच.

आता त्याच्या घरी या वेळेला चहा झालेला असतो. नव्यानं केलेला, खरा खजुराचा पाक बायकोनं वास घेऊन, चाखून, दोनदा तपासून टेबलावर ठेवलाय. म्हातारी कप पुढ्यात घेऊन बसलीय आणि चहा निवत चाललाय. चमचा पॉलिशवाल्याच्या हातात आहे.

घालायचा की नाही, साहेब? बोला!